एकांताचा वकील

१५ डिसेंबर १८९० रोजी अमेरिकेतील 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू' या विधिविषयक नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध झाला. 'द राइट टू प्रायव्हसी' हे त्याचे शीर्षक. पाने तिसाहून कमी. कोणी घरात शिरून वस्तू उचलली तर ती चोरी, अंगावर हात टाकला तर तो हल्ला, खोटेनाटे लिहून नाव काळे केले तर ती अब्रुनुकसानी, एवढे कायद्याला तोवर ठाऊक होते. पण समजा, कोणी काही चोरले नाही, कोणाला हातही लावला नाही, खोटेही लिहिले नाही. माणसाच्या घरातली खरीखुरी गोष्टच त्याच्या संमतीवाचून चव्हाट्यावर मांडली. मग त्याने दाद मागायची ती कोणाकडे? या प्रश्नाचे सरळ उत्तर कायद्याच्या पुस्तकांत नव्हते. ते शोधण्याचा प्रयत्न या लेखाने केला. लेखक दोघे होते. त्यांतले धाकटे, तेव्हा ३४ वर्षांचे असलेले बॉस्टनचे वकील, म्हणजे लुई डेम्बिट्झ ब्रँडाइस. पुढे ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. तरुणपणी वृत्तपत्रांसमोर उभा केलेला हा प्रश्न उतारवयात त्यांना सरकारसमोर उभा करावा लागला.

ब्रँडाइस यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५६ रोजी केंटकी राज्यातील लुईव्हिल या शहरी झाला. १८४८ च्या युरोपातील क्रांत्या फसल्यानंतर जी अनेक ज्यू कुटुंबे प्राग सोडून अमेरिकेत आली, त्यांपैकी त्यांचे एक. वडील अडॉल्फ धान्याचा व्यापार करीत. मामा लुईस डेम्बिट्झ हे विद्वान वकील आणि गुलामगिरीचे कडवे विरोधक. भाच्यावर त्यांचा एवढा प्रभाव, की त्याने आपले डेव्हिड हे मधले नाव टाकून डेम्बिट्झ हे लावून घेतले. काही काळ जर्मनीतील ड्रेस्डेन येथे शिकून हा मुलगा १८७५ साली हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात दाखल झाला. तिथे वाचनाच्या ताणाने डोळे अधू झाले. तेव्हा सहाध्यायांकडून पुस्तके वाचून घ्यायची आणि ऐकलेले स्मरणात ठेवायचे, असा क्रम त्याने ठेवला. १८७७ मध्ये, वयाची २१ वर्षे पुरी होण्याआधीच, तो वर्गात पहिला येऊन बाहेर पडला.

त्या वर्गात दुसरा क्रमांक पटकावणारे सॅम्युएल वॉरन हे बॉस्टनच्या एका धनाढ्य कागद कारखानदाराचे चिरंजीव. १८७९ मध्ये दोघांनी भागीदारीत वकिली सुरू केली आणि ती थोड्याच वर्षांत भरभराटीला आली. १८८३ साली वॉरन यांचा विवाह सिनेटर थॉमस बेयर्ड यांच्या कन्येशी झाला. कारखानदाराचे घर आणि राजकारण्याचे घर यांची सोयरीक जुळली, म्हटल्यावर वृत्तपत्रांचे लक्ष तिकडे वळणे ओघानेच आले. वडिलांच्या निधनानंतर वॉरन यांनी वकिली सोडून कारखान्याचा कारभार हाती घेतला, पण मैत्री कायम राहिली. खासगी आयुष्यावर लिहिण्याची मूळ निकड वॉरन यांची होती. युक्तिवादाची बांधणी मात्र बहुतांशी ब्रँडाइस यांची मानली जाते.

वॉरन यांच्या मुलीच्या लग्नाच्या रसभरित बातम्यांनी संतापून हा लेख लिहिला गेला, अशी एक गोष्ट कायद्याच्या विद्यार्थ्यांना अनेक वर्षे सांगितली गेली. ती खरी असणे शक्य नाही, कारण १८९० मध्ये ती मुलगी अगदी लहान होती. खरे कारण एका कुटुंबापुरते नव्हते. शहरांतून स्वस्त दैनिकांची चढाओढ लागली होती आणि कोणाच्या घरी कोण जेवायला आले, कोणाचे कोणाशी फाटले, हा त्यांच्या रकान्यांचा रोजचा माल झाला होता. त्यातच १८८८ साली जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. तोवर छायाचित्र काढायचे तर समोरच्या माणसाने स्थिर बसावे लागे, म्हणजे त्याची संमती गृहीत असे. हातात मावणाऱ्या कॅमेऱ्याने संमतीची ही गरजच संपवली. १८९० मध्येच मॅरियन मॅनोला या अभिनेत्रीचे छायाचित्र रंगमंचावर चालू प्रयोगात, तिच्या इच्छेविरुद्ध टिपले गेले. ते प्रसिद्ध होऊ नये म्हणून तिला न्यूयॉर्कच्या न्यायालयात धाव घ्यावी लागली. या खटल्याची नोंद दोघा लेखकांनी आपल्या लेखात घेतली आहे.

लेखातील युक्तिवादाचा धागा इंग्लंडमधील एका निकालात सापडतो. राणी व्हिक्टोरिया आणि तिचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी हौसेखातर काही चित्रे धातूच्या पत्र्यावर कोरली होती. त्यांचे ठसे परभारे एका प्रकाशकाच्या हाती गेले आणि त्याने त्यांचे प्रदर्शन व सूची काढण्याचा घाट घातला. १८४९ मध्ये न्यायालयाने त्याला मनाई केली. ही मनाई मालमत्तेच्या हक्काच्या भाषेत दिली गेली होती. वॉरन व ब्रँडाइस यांनी इथेच बोट ठेवले. ज्या चित्रांना बाजारात आणायचेच नाही, जे पत्र विकायचेच नाही, त्यात मालमत्ता ती कोणती? कायदा इथे वस्तूचे नव्हे, तर त्या वस्तूमागच्या माणसाच्या व्यक्तित्वाचे रक्षण करीत आहे, असे त्यांनी दाखवले. मग तेच रक्षण त्याच्या चेहऱ्याला, घरातल्या बोलण्याला आणि नात्यांना का मिळू नये? माणसाला त्याच्यापुरते राहू द्यावे, ही कल्पना न्यायाधीश थॉमस कूली यांनी आधीच मांडली होती. तिला या लेखाने हक्काचे रूप दिले. छापलेली गोष्ट खरी होती, एवढ्यावर छापणाऱ्याची सुटका होणार नाही, असेही लेखाने बजावले. त्याबरोबरच एक मर्यादाही घातली. सार्वजनिक हिताशी संबंध असलेली माहिती प्रसिद्ध करण्यास या हक्काची आडकाठी असू नये.

न्यायालयांनी ही मांडणी लगेच स्वीकारली नाही. न्यूयॉर्क राज्यात ॲबिगेल रॉबर्सन या तरुणीचे छायाचित्र तिला न विचारता एका पिठाच्या जाहिरातीवर छापले गेले आणि त्याच्या सुमारे २५ हजार प्रती दुकानांत, उपाहारगृहांत लागल्या. मनस्तापाने तिने अंथरूण धरले. १९०२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तिचा दावा फेटाळला; असा हक्क कायद्यात नाही, हे कारण. या निकालावर एवढी टीका झाली, की पुढच्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाला कायदा करून व्यापारासाठी कोणाचेही नाव वा छायाचित्र संमतीविना वापरण्यास बंदी घालावी लागली. १९०५ मध्ये जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तशाच एका विमा जाहिरातीच्या खटल्यात खासगीपणाचा हक्क थेट मान्य केला. बॉस्टनच्या दोन मित्रांचे लिखाण अशा रीतीने कायदा होऊ लागले.

दरम्यान ब्रँडाइस दुसऱ्याच आघाडीवर झुंजत होते. मॅसॅच्युसेट्समध्ये कामगारांना स्वस्त आयुर्विमा मिळावा म्हणून १९०७ साली त्यांनी बचत बँकांमार्फत विम्याची योजना कायद्याने मंजूर करून घेतली. १९०८ मध्ये ओरेगॉन राज्यातील कामगार स्त्रियांच्या दहा तासांच्या दिवसाचा खटला त्यांनी लढवला. त्या वेळी दिलेल्या शंभराहून अधिक पानांच्या निवेदनात कायद्याचा कीस थोडा आणि श्रम, आरोग्य यांविषयीची माहितीच अधिक होती. वकिलीची ती एक नवी रीतच पडली. न्यू हेवन रेल्वे कंपनीच्या मक्तेदारीशी त्यांनी अनेक वर्षे झुंज दिली. लोकहिताच्या कामांसाठी ते फी घेत नसत, म्हणून त्यांना लोकांचे वकील असे नाव पडले.

बड्या बँकांच्या साखळीवर त्यांनी १९१३ मध्ये लेखमाला लिहिली. 'अदर पीपल्स मनी' या नावाने १९१४ मध्ये तिचे पुस्तक निघाले. त्यात त्यांनी उघडेपणाचा आग्रह धरला. रोखे विकणाऱ्या बँकेने आपण किती दलाली खातो ते विक्रीपत्रकावर ठळक छापावे, म्हणजे सामान्य गुंतवणूकदाराला आपण काय विकत घेतो ते कळेल, अशी त्यांची सूचना होती. एकांताची बाजू मांडणारा हाच माणूस उजेडाचीही मागणी करतो, यात विसंगती वाटू शकते. त्यांना ती वाटत नव्हती. १८९१ मध्येच, होणाऱ्या पत्नीला, ॲलिस गोल्डमार्क यांना लिहिलेल्या पत्रात, खासगीपणाच्या हक्काला जोड म्हणून प्रसिद्धीच्या कर्तव्यावरही लिहावे, असा विचार त्यांनी बोलून दाखवला होता. ज्याच्या हाती दुसऱ्यांचा पैसा वा दुसऱ्यांवरची सत्ता आहे, त्याने हिशेब उघड्यावर मांडावा. ज्याच्या हाती स्वतःच्या आयुष्याखेरीज काही नाही, त्याच्या दारावर कोणी कान लावू नये. त्यांच्या विचारांची ही दोन टोके एकाच काठीची होती.

ही काठी लवकरच त्यांच्याच पाठीवर पडली. २८ जानेवारी १९१६ रोजी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी त्यांचे नाव सुचवले. त्या पदावर तोवर एकही ज्यू बसला नव्हता. सिनेटच्या समितीने उघड सुनावणी लावली आणि ब्रँडाइस यांनी गेल्या अनेक वर्षांत कोणत्या अशिलाशी कसा व्यवहार केला, याची चिरफाड सुरू झाली. वॉरन यांचे १९१० मध्येच निधन झाले होते. पण त्यांच्या कुटुंबातील मिळकतीचा तंटाही तिथे उकरला गेला. माजी राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट यांच्यासह वकील संघटनेच्या अनेक माजी अध्यक्षांनी ब्रँडाइस या पदास अपात्र आहेत, असे सिनेटला कळवले. ज्यूद्वेषाची कुजबुज होतीच. ब्रँडाइस समितीपुढे गेले नाहीत. आपल्या भागीदार वकिलाकरवी कागदपत्रे पुरवत राहिले. सार्वजनिक पदासाठी आपली चौकशी होऊ नये, असे मात्र त्यांनी म्हटले नाही. चार महिन्यांनी, १ जून १९१६ रोजी, ४७ विरुद्ध २२ मतांनी त्यांची नियुक्ती पक्की झाली. पुढे १९२१ मध्ये टाफ्ट सरन्यायाधीश झाले आणि दोघे एकाच पीठावर आले.

१९२८ मध्ये या दोघांपुढे रॉय ओल्मस्टेड याचा खटला आला. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती. सिएटलच्या पोलीस दलातून काढून टाकलेला हा माजी अधिकारी कॅनडातून चोरून दारू आणणाऱ्या मोठ्या टोळीचा म्होरक्या होता. पन्नासएक माणसे, समुद्रात जाणाऱ्या बोटी, वर्षाला वीस लाख डॉलरहून अधिक उलाढाल, असा त्याचा पसारा. सरकारी अधिकाऱ्यांनी त्याच्या कचेरीच्या इमारतीच्या तळघरात आणि घरांजवळच्या रस्त्यांवर दूरध्वनीच्या तारांना जोड देऊन कित्येक महिने संभाषणे ऐकली. टिपणांची टंकलिखित पाने झाली ७७५. न्यायालयाचे वॉरंट नव्हते. इतकेच नव्हे, तर ज्या वॉशिंग्टन राज्यात हे घडले, तिथे तारा जोडून ऐकणे हाच गुन्हा होता.

४ जून रोजी पाच विरुद्ध चार मतांनी ओल्मस्टेडची शिक्षा कायम झाली. बहुमताचे निकालपत्र टाफ्ट यांचे. राज्यघटनेची चौथी दुरुस्ती अवाजवी झडतीपासून नागरिकाचे रक्षण करते, हे त्यांना मान्य होते. परंतु अधिकारी कोणाच्या घरात शिरले नाहीत, त्यांनी कोणतीही वस्तू उचलली नाही, मग झडती झाली कुठे, असा त्यांचा सवाल होता. घराबाहेर पसरलेल्या तारा रस्त्यासारख्या, घराचा भाग नव्हेत, हा त्यांचा आधार.

ब्रँडाइस यांनी भिन्नमत लिहिले. ३८ वर्षांपूर्वीचा प्रश्न आता वृत्तपत्राऐवजी सरकारच्या दारात उभा होता. घटना लिहिली गेली तेव्हा राज्यकर्त्यांना माणसाचे रहस्य हवे असेल तर दार फोडावे लागे. म्हणून घटनाकारांनी दार राखले. विज्ञानाने दार न फोडता आत पोहोचण्याची सोय केली, म्हणून त्या संरक्षणाचा अर्थ आटत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. दूरध्वनीची तार जोडली की एकट्या आरोपीचेच नव्हे, तर त्याला फोन करणाऱ्या प्रत्येकाचे, वकिलाचे, वैद्याचे, पत्नीचेही बोलणे सरकारच्या कानी पडते, हे त्यांनी दाखवले. उद्या खणातील कागद खणातून न काढता न्यायालयात वाचून दाखवण्याची साधने निघतील, हा इशाराही दिला. त्यांच्या मसुद्यात दूरचित्रवाणीचाही उल्लेख होता. तो अंतिम निवाड्यात राहिला नाही. सरकारने गुन्हेगार पकडण्यासाठी स्वतःच गुन्हा केला, तर प्रजा कायद्याचा मान ठेवायला कोणाकडून शिकणार, हा त्यांचा शेवटचा मुद्दा होता. वाईट हेतूच्या राज्यकर्त्यांपासून माणूस आपोआप सावध राहतो. धोका खरा असतो तो चांगल्या हेतूने, पण अविचाराने पुढे सरसावणाऱ्यांचा, असे त्यांचे मत होते. हा निवाडा तस्कराच्या बाजूने पडत होता, याची त्यांना पुरती जाण होती. नकोशा माणसाचा हक्क राखला नाही तर सर्वांचाच जातो, म्हणून तो लिहिला गेला.

तरीही त्यांच्या दृष्टीला मर्यादा होती आणि ती लपवता येत नाही. १९२७ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील कॅरी बक या तरुणीला मतिमंद ठरवून तिच्यावर सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी वैध ठरवला. त्या आठांत ब्रँडाइस होते. तिच्यावरचा ठपका निराधार होता, हे पुढे संशोधनातून उघड झाले. दूरध्वनीच्या तारेत ज्यांना माणसाचा एकांत दिसला, त्यांना एका गरीब मुलीच्या देहात तो दिसला नाही. एवढेच नव्हे, तर काळाप्रमाणे कायद्याचा अर्थ विस्तारतो, हे दाखवताना ओल्मस्टेड खटल्याच्या भिन्नमतात त्यांनी त्याच निकालाचा दाखला दिला.

दुसरा डाग त्यांच्या मृत्यूनंतर उजेडात आला. न्यायाधीश असताना ते हार्वर्डचे प्राध्यापक फेलिक्स फ्रँकफर्टर यांना सार्वजनिक कामांसाठी अनेक वर्षे नियमित पैसे पाठवत आणि आपल्या आवडीच्या सुधारणांना त्यांच्या मार्फत चालना देत. १९८२ साली ब्रूस ॲलन मर्फी यांच्या पुस्तकाने ही पत्रे चर्चेत आणली आणि खळबळ उडाली. कोणी म्हणाले, मित्राला केलेली मदत हा खासगी मामला. पण सत्तेच्या जागी बसलेल्याने हिशेब उघडा ठेवावा, हा दंडक ब्रँडाइस यांचाच होता. त्या दंडकाने पाहिले तर ही मदत त्यांनी उजेडात ठेवायला हवी होती.

ओल्मस्टेडला राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३५ मध्ये माफी दिली. फेब्रुवारी १९३९ मध्ये ब्रँडाइस निवृत्त झाले आणि ५ ऑक्टोबर १९४१ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. तोवर तार जोडण्याचा तो निकाल उभाच होता. १९६७ साली चार्ल्स कॅट्झ या जुगाऱ्याच्या खटल्यात तो कोसळला. लॉस एंजेलिसमधील सार्वजनिक टेलिफोनच्या खोक्याला बाहेरून यंत्र लावून त्याचे बोलणे टिपले होते. घटना जागेचे नव्हे, माणसाचे रक्षण करते, असे न्यायालयाने त्या वेळी सांगितले. अल्पमत ३९ वर्षांनी बहुमत झाले.

भारतातही हा प्रवास अल्पमतातूनच सुरू झाला. उत्तर प्रदेशात रात्री-अपरात्री पोलीस घरी येतात, या खरक सिंग यांच्या तक्रारीवर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या रात्रीच्या भेटी रद्द केल्या. पण खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असे बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदवले. १९९६ मध्ये दूरध्वनी चोरून ऐकण्यावर न्यायालयाने बंधने घातली. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणाला मूलभूत हक्काचे स्थान दिले. त्यातील प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले आणि त्यात १८९० च्या त्या लेखाची सविस्तर दखल घेतली.

प्रश्नाचे दुसरे टोक मात्र अजून सुटलेले नाही. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत विदेच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील एक कलमही बदलले. व्यक्तिगत माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, ती उघड केल्याने खरोखर एकांतभंग होतो का, ही त्या कलमातील तपासणी गळाली आणि व्यक्तिगत माहिती सरसकट अपवादात गेली. व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याची तरतूद कायद्यात अन्यत्र आहे. परंतु अधिकाऱ्याच्या कारभाराची माहिती त्याची खासगी बाब म्हणून नाकारली जाईल, ही माहिती अधिकाराच्या कार्यकर्त्यांची भीती आहे. ब्रँडाइस यांनी खासगीपणाचा हक्क मागितला तो दुबळ्यांसाठी ढाल म्हणून. सत्तेच्या खिडकीवरचा पडदा म्हणून नव्हे.

लुईव्हिल विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाच्या दर्शनी ओवरीखाली ब्रँडाइस यांच्या अस्थी ठेवलेल्या आहेत. कायदा शिकायला येणारी मुले रोज तिथून ये-जा करतात. त्यांच्या खिशातल्या फोनमध्ये कॅमेरा असतो, पत्रे असतात, ते कुठे कुठे गेले याची नोंदही असते. खणातले कागद खणातच ठेवून वाचणारी साधने आता आली आहेत. ती कोणी, कोणावर आणि कोणाच्या परवानगीने वापरायची, हा प्रश्न त्या मुलांपुढे आहे.